जुन्या जपानी फुलदाण्या आणि त्यांच्या तळावरील खुणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचे म्हणणे एकच असते: तळावर असे असे लिहिले आहे, तर ही फुलदाणी कोणाची आणि किती जुनी? त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा, असे आमचे ठाम मत आहे. ही खूण कोणी वाचावी म्हणून लिहिली गेली? अमेरिकेतल्या जकात अधिकाऱ्याने, युरोपातल्या हौशी गिऱ्हाइकाने, की जपानमधल्याच जाणकाराने? याचे उत्तर मिळाले की काळ आणि ठिकाण यांचा माग लागतो. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असल्यास तेथील प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जपानी फुलदाणीला 'अँटिक' केव्हा म्हणायचे आणि 'व्हिंटेज' केव्हा?

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला अँटिक म्हणावे, हा सर्वसाधारण संकेत आहे. व्हिंटेज हा शब्द त्यामानाने सैल असून विक्रेते तो काही दशके जुन्या कोणत्याही वस्तूला लावतात. जपानी वस्तूंबाबत कालखंडांच्या भाषेत बोलणे अधिक सोयीचे ठरते: एदो (१६०३ ते १८६८), मेइजी (१८६८ ते १९१२), ताइशो (१९१२ ते १९२६) आणि शोवा (१९२६ ते १९८९). १८६७ चे पॅरिसचे आणि १८७३ चे व्हिएन्नाचे प्रदर्शन यांनंतर पाश्चात्त्य देशांत जपानी वस्तूंची मागणी झपाट्याने वाढली. त्यामुळे आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक फुलदाण्या मेइजी किंवा त्यानंतरच्या असतात आणि 'एदो काळातील' असा दावा कोणी केला तर त्याला भक्कम आधार मागावा. 'शोवा काळातील' एवढ्या वर्णनावरही समाधान मानू नये, कारण १९३० ची आणि १९८५ ची फुलदाणी दोन्ही त्यात बसतात.

२. मला जपानी येत नाही. तळावरची अक्षरे ओळखायची कशी?

सुदैवाने खुणांमध्ये पुन्हा पुन्हा येणारी अक्षरे थोडी आहेत, त्यामुळे भाषा येत नसली तरी ती नजरेत बसवता येतात. वाचन वरून खाली करावे आणि एकाहून अधिक ओळी असल्यास उजवीकडून सुरुवात करावी. खूण उलटी धरली जाणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. चारही बाजूंनी फिरवून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

सर्वांत उपयोगी शब्द म्हणजे 'दाइ निप्पॉन', म्हणजे 'महान जपान'. त्यात तीन अक्षरे असतात. पहिले तीन रेघांचे: एक आडवी रेघ आणि तिला छेदून खाली येत दोन बाजूंना फाकणारे पाय. दुसरे म्हणजे मधोमध आडवी रेघ असलेली उभी चौकट. तिसरे पहिल्या अक्षरासारखेच, परंतु त्याच्या मधल्या उभ्या दांड्याला तळाजवळ एक छोटी आडवी रेघ असते. ही तीन अक्षरे ओळीने दिसली तर मेइजी काळापासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंतच्या वस्तूचा विचार करावा.

त्यानंतर बहुधा ठिकाणाचे नाव, मग कारखान्याचे किंवा कारागिराचे नाव आणि शेवटी 'सेइ' किंवा 'झो' (बनवले) किंवा 'गा' (रंगवले) असे अक्षर येते. या शेवटच्या अक्षराकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, पण त्याचे महत्त्व मोठे आहे. 'गा' असेल तर नाव चित्र काढणाऱ्याचे असून भांडे दुसऱ्याच कोणाच्या भट्टीतून आलेले असू शकते. नावाच्या अखेरीस आडव्या पायावर उभ्या तीन दांड्यांचे अक्षर दिसले तर ते 'झान' असते. कुंभार आणि चित्रकार यांनी घेतलेल्या व्यावसायिक नावांचा शेवट फार वेळा असाच होतो.

मोबाइलवरील भाषांतराची साधने छापील अक्षरांना ठीक चालतात. मुद्रालिपीतील, म्हणजे चौकोनी शिक्क्यांवरील वळणदार जुनी अक्षरे आणि कुंचल्याने घाईत काढलेली सही त्यांना बहुधा वाचता येत नाही.

३. खूण पाहण्याआधी काय पाहावे?

वस्तू पोर्सिलेनची, म्हणजे अस्सल चिनीमातीची आहे की सच्छिद्र भाजक्या मातीची, हे आधी ठरवावे. पोर्सिलेन पांढरे, घट्ट आणि गारेसारखे गुळगुळीत असते. पातळ कडेजवळ प्रकाश धरला तर तो आरपार झिरपतो आणि नखाने हलके टिचकी मारली तर आवाज स्वच्छ घुमतो. भाजक्या मातीचा रंग पिवळसर किंवा तपकिरी, आवाज बोदा आणि बुडाची झिलई (काचेसारखा चकचकीत थर) नसलेली कड जिभेला चिकटेल इतकी कोरडी असते.

खूण आणि माती यांची फारकत झाली की संशय घ्यावा. सात्सुमा प्रांताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अस्सल निर्यातीच्या सात्सुमा कामाची ओळख मलईच्या रंगाची माती आणि झिलईतील बारीक तड्यांची जाळी ही असल्याने, पांढऱ्याशुभ्र पोर्सिलेनवर 'सात्सुमा' लिहिलेले असेल तर प्रश्न ९ पाहावा. शिवाय बुडाची कड बोटाने फिरवून पाहावी. शंभर वर्षे लाकडी फळीवर आणि दगडी कोनाड्यात सरकवलेल्या भांड्याची कड असमान झिजते, आणि ओल्या पॉलिश पेपरने घासलेली कड सर्व बाजूंनी सारखी खरखरीत लागते.

४. तळावर 'निप्पॉन' असे इंग्रजी अक्षरांत आहे. यावरून वर्ष कळते का?

नेमके वर्ष नाही, पण तीस वर्षांची चौकट बऱ्यापैकी पक्की मिळते. अमेरिकेने १८९० साली मंजूर केलेल्या आणि मॅकिन्ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जकात कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत लिहिणे बंधनकारक केले आणि १८९१ पासून त्याची अंमलबजावणी झाली. जपानी निर्यातदारांनी त्यासाठी 'निप्पॉन' हे आपल्या देशाचे स्वतःचे नाव रोमन अक्षरांत लिहिले आणि ते चालवूनही घेतले गेले. पुढे १९२१ मध्ये अमेरिकी जकात खात्याने हा शब्द इंग्रजी नसल्याचे ठरवून 'जपान' हे नाव सक्तीचे केले. म्हणून रोमन अक्षरांतील 'निप्पॉन' सर्वसाधारणपणे १८९१ ते १९२१ दरम्यानचे मानले जाते. नंतरच्या 'जपान' आणि 'मेड इन जपान' या खुणा मात्र इतकी वर्षे चालू राहिल्या की केवळ त्यांच्यावरून काळ ठरत नाही.

ही खूण अमेरिकेच्या गोदीवर वाचली जावी म्हणून लिहिलेली होती, हे लक्षात ठेवले की तिचे अपवादही समजतात. जो माल अमेरिकेत जाणारच नव्हता त्यावर ती लिहिण्याचे कारण नव्हते. कागदी चिठ्ठी लावून पाठवलेल्या मालावरची चिठ्ठी केव्हाच गळून पडली असेल, आणि जोडीपैकी एकाच फुलदाणीवर खूण असेल तर दुसरी आज बेवारस भासते. त्यामुळे खूण नाही म्हणून वस्तू १८९१ च्या आधीची, असे म्हणणे चुकीचे आहे. हा दावा विक्रेते फार वेळा करतात.

जपानी अक्षरांतील 'दाइ निप्पॉन' या गणितात धरू नये. ती खूण कायद्याच्या आधीही होती आणि नंतरही (प्रश्न २).

५. 'निप्पॉन'च्या बनावट खुणा ओळखायच्या कशा? पानांच्या कड्यातले 'एम' म्हणजे काय?

'एम' हे मोरिमुरा घराण्याचे आद्याक्षर आहे. मोरिमुरा बंधूंनी १८७६ साली व्यापारी पेढी काढून न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटले आणि १९०४ साली नागोयाजवळ नोरिताके या गावी पोर्सिलेनचा कारखाना उभारला. आज जग ज्याला नोरिताके म्हणते तो हाच. त्यांच्या हाताने रंगवलेल्या, सोन्याची कड असलेल्या आणि ओल्या मातीच्या उठावदार रेघांनी सजवलेल्या फुलदाण्यांना संग्राहकांत मोठी मागणी आली, आणि मागणीमागोमाग नकलाही आल्या.

सर्वांत प्रसिद्ध नकलेत पानांच्या कड्यात 'एम'च्या जागी वाळूच्या घड्याळासारखा आकार असतो. घाईत पाहणारा त्यालाच 'एम' समजतो. बाकीच्या नकला इतक्या सहज सापडत नाहीत, म्हणून कामाकडे वळावे. जुन्या फुलदाणीचे पोर्सिलेन पातळ आणि गुळगुळीत असते, फुलांच्या पाकळ्यांवर कुंचल्याचे फटकारे दिसतात आणि सोने मऊ, किंचित मंद चमकते. नकलेचे पोर्सिलेन जाड व करडेपणाकडे झुकणारे, चित्र ठिपक्यांच्या छपाईचे आणि सोने पितळेसारखे भडक असते. भिंगातून पाहिल्यास छपाईचे ठिपके लगेच दिसतात.

नोरिताकेबाबत आणखी दोन टप्पे उपयोगी पडतात. युद्धानंतर मालाचा दर्जा आपल्या नावाला साजेसा नाही असे वाटल्याने कारखान्याने काही काळ 'रोझ चायना' ही खूण वापरली, आणि १९५३ पासून कड्यातील 'एम'ची जागा 'एन'ने घेतली.

६. 'ऑक्युपाइड जपान' असे लिहिलेली फुलदाणी मौल्यवान असते का?

काळाच्या दृष्टीने ही खूण विलक्षण नेमकी आहे. जपानवरील दोस्त राष्ट्रांचा ताबा सप्टेंबर १९४५ मध्ये सुरू झाला, खाजगी परदेशी व्यापार १९४७ मध्ये पुन्हा खुला झाला आणि २८ एप्रिल १९५२ रोजी ताबा संपला. या मधल्या थोड्या वर्षांतच ही खूण उमटली. परंतु नेमका काळ आणि मोठे मोल या वेगळ्या गोष्टी आहेत. यातील बरेचसे काम स्वस्त निर्यातीचे होते आणि पुष्कळ शिल्लक आहे. खूण खोटी असल्याची शंका आल्यास नखांचा रंग काढण्याच्या द्रावणात बुडवलेला कापूस तिच्यावर फिरवावा. झिलईखालील खूण हलत नाही. नंतर वरून मारलेला शिक्का पुसला जातो. आजूबाजूच्या सोन्याला मात्र हे द्रावण लावू नये.

७. तळावर काहीच नाही. मग ती जपानी नाही असे समजावे का?

अजिबात नाही. एदो काळातील, अरिता या पोर्सिलेन घडवणाऱ्या गावच्या पुष्कळ फुलदाण्यांवर निर्मात्याची खूण नसते. त्या भट्ट्यांत एक माणूस घडवी, दुसरा रेघ ओढी, तिसरा रंग भरी, आणि कोणा एकाचे नाव घालण्याची पद्धत नव्हती. अशा वेळी बूड, माती, झिलई आणि रंग यांवरूनच बोलावे लागते. अरिताच्या मोठ्या थाळ्यांच्या तळावर भट्टीत टेकू दिल्याचे छोटे खरखरीत ठिपके राहतात. फुलदाण्यांवर ते क्वचित आढळतात, त्यामुळे ते नसणे हा उणेपणा मानू नये.

८. तळावर चिनी मिंग सम्राटाचे नाव आहे, पण विक्रेता फुलदाणी जपानी म्हणतो. कोण बरोबर?

विक्रेता बरोबर असू शकतो. निळ्या रंगात लिहिलेल्या सहा अक्षरांची 'महान मिंग, चेंगहुआ यांच्या काळात बनवले' ही खूण अरिताच्या भांड्यांवर सर्रास सापडते. चेंगहुआ यांची कारकीर्द १४६५ ते १४८७ ची, आणि अरितातील पोर्सिलेन सतराव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांना जपानमध्ये मोठा मान होता आणि अरिताच्या कुंभारांनी त्या आदरापोटी, तसेच गिऱ्हाइकाला तेच आवडते म्हणून, ही अक्षरे नक्षीसारखी उतरवली. फसवणूक हा त्यामागचा हेतू धरून चालू नये. अक्षरांत 'दाइ' नंतर दोन चौकटी शेजारी शेजारी जोडलेल्या दिसल्या तर तो 'मिंग' शब्द. 'दाइ निप्पॉन'मध्ये तेथे एकच चौकट असते. चिनी लेखकाच्या हाताला सवयीने येणारा तोल या खुणांत नसतो. रेघा जाड, अंतर विस्कळीत, कधी एखादा अवयव गाळलेला.

९. वर्तुळात अधिक चिन्ह, खाली सोनेरी अक्षरे, आणि विक्रेता म्हणतो 'अस्सल सात्सुमा'. यावर विश्वास ठेवावा का?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

वर्तुळातील अधिक चिन्ह हे क्यूशू बेटावरील सात्सुमा प्रांताच्या शिमाझु या सरदार घराण्याचे चिन्ह आहे. १५९८ मध्ये शिमाझु योशिहिरो यांनी कोरियावरील स्वारीतून परतताना तेथील कुंभार आपल्या प्रांतात आणले. स्वखुशीने न आलेल्या या माणसांच्या वंशजांनीच पुढे नाएशिरोगावा येथे मलईच्या रंगाची, बारीक जाळीच्या झिलईची भांडी घडवली. त्यांतील चिन घराण्याच्या बाराव्या पिढीचे चिन जुकान यांच्या मोठ्या फुलदाण्या १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात झळकल्या आणि युरोपला या कामाचे वेड लागले.

ही मागणी एकट्या सात्सुमाला पुरवता येणे शक्य नव्हते. क्योतोच्या आवाता भागातील भट्ट्या, ओसाका, योकोहामा, कोबे आणि टोकियो येथील रंगशाळा यांनी त्याच धर्तीचे काम सुरू केले. कोरी भांडी विकत घेऊन त्यांवर चित्रे काढण्याचा तो उद्योग होता. परदेशी गिऱ्हाइकाच्या मनात सात्सुमा म्हणजे शिमाझुंचे वर्तुळ असे बसलेले असल्याने तेच चिन्ह या सर्वांनी तळावर काढले. तेव्हा हे चिन्ह प्रांताचा दाखला मुळीच नाही. ते निर्यातीच्या बाजारपेठेसाठी काढलेले होते. खरा माग त्याखालच्या नावात असतो.

ती नावे वाचण्याचे कष्ट जरूर घ्यावेत. क्योतोचे किन्कोझान सोबेई हे घराणे मोठ्या प्रमाणावर काम करणारे होते आणि त्यांच्या खुणेखाली उत्कृष्ट कामाबरोबर साधेसुधे कामही आढळते. ओसाकाचे याबू मेइझान (१८५३ ते १९३४) यांच्या फुलदाण्या लहान असतात, पण त्यांवरील मिरवणुकीतील शेकडो माणसांचे चेहरे भिंगाखाली वेगवेगळे दिसतात. आमच्या मते जपानी मृत्तिकाकलेत याहून अधिक चिकाटीचे काम मिळणे अवघड आहे. त्यांची खूण सोनेरी चौकोनात असते. तिची नक्कलही होते, म्हणून चौकोन पाहून न थांबता चेहरे भिंगातून पाहावेत.

इंग्रजी अक्षरांत 'सात्सुमा' किंवा 'रॉयल सात्सुमा' असा छापील शिक्का असेल तर मात्र वाद नको. तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शोभेचा माल असतो आणि पुष्कळदा चीनमध्ये बनवलेला. घरात ठेवायला तो खुशाल घ्यावा, अँटिकच्या किमतीला घेऊ नये.

१०. 'कुतानी' असे लिहिले आहे. ही जुनी कुतानी आहे का?

जवळपास निश्चितपणे नाही. कागा प्रांतातील, म्हणजे आजच्या इशिकावातील, मूळ कुतानी काम सतराव्या शतकाच्या मध्यावर सुरू होऊन काही दशकांत थांबले, आणि त्या नावाने ओळखली जाणारी कित्येक जुनी भांडी प्रत्यक्षात अरिताची असावीत, असेही अनेक अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या शतकात कुतानीचे पुनरुज्जीवन झाले. कुतानी शोझा (१८१६ ते १८८३) यांच्या रंगीत आणि सोनेरी कामाची परदेशात मोठी निर्यात झाली. हातात पडणाऱ्या फुलदाण्या बहुतेक करून या दुसऱ्या पर्वाच्या आणि त्यानंतरच्या असतात.

खूण ओळखायला सोपी आहे: पहिले अक्षर केवळ दोन रेघांचे, दुसरे सात रेघांचे. तांबड्या किंवा सोनेरी रंगात हाताने लिहिलेली असेल आणि खाली कारागिराचे नाव असेल तर ती फुलदाणी लक्ष देण्यासारखी. दुहेरी चौकोनातील एकच गिचमिड अक्षर म्हणजे 'फुकू', सौभाग्याचे चिन्ह. हिरव्या-पिवळ्या कुतानीवर ते नेहमी येते, अरिताच्या भांड्यांवरही येते, आणि ते कोणाचेच नाव नसल्याने त्यावरून निर्माता ठरत नाही.

११. इमारी, अरिता, काकिएमोन, नाबेशिमा, फुकागावा: ही एकाच गोष्टीची नावे आहेत का?

अरिता हे घडवण्याचे गाव आणि इमारी हे त्याचा माल जहाजात चढवण्याचे बंदर. बंदराच्या नावाने निळा, तांबडा आणि सोनेरी रंगांचा प्रकार ओळखला गेला. काकिएमोन हे दुधी पांढऱ्या पार्श्वभूमीवर भरपूर जागा मोकळी सोडून रंगकाम करणारे अरिताचेच घराणे, तर नाबेशिमा ही तेथील सरदारांची, भेटवस्तूंसाठी राखलेली भट्टी.

मेइजी काळातील दोन कारखान्यांच्या खुणा चित्ररूप असल्यामुळे नवशिक्यालाही ओळखता येतात. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या कोरान्शाची खूण ऑर्किडच्या रोपाची. फुकागावा चुजी यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या फुकागावाची खूण फुजी पर्वत आणि त्याखालील प्रवाहाची. दोन्ही कारखाने आजही चालू आहेत, त्यामुळे खूण पटली तरी काळाचा प्रश्न उरतोच.

एक सूचना 'गोल्ड इमारी' या इंग्रजी शिक्क्याबद्दल: तो अलीकडचा असतो.

१२. निळा रंग पाहून काळ कळतो, असे ऐकले आहे. खरे आहे का?

काही अंशी. जर्मन रसायनतज्ज्ञ गॉटफ्रीड वाग्नर १८७० मध्ये अरितात आले आणि त्या सुमारास कृत्रिम कोबाल्टचा वापर तेथे सुरू झाला. नैसर्गिक खनिजाचा निळा रंग करडा आणि कमीअधिक गडद असतो. कृत्रिम निळा एकसारखा आणि किंचित जांभळट भडक. असा भडक निळा रंग आणि 'अठरावे शतक' ही चिठ्ठी एकत्र दिसली तर चिठ्ठी चुकीची समजावी. उलट दिशेने मात्र हा नियम चालत नाही, कारण करडा निळा आजही मुद्दाम बनवता येतो.

१३. धातूवर मीनाकारी केलेली फुलदाणी चिनी की जपानी?

जपानीत या कामाला शिप्पो म्हणतात. चिनी कामात पार्श्वभूमीची रिकामी जागासुद्धा रंग वेगळे ठेवणाऱ्या बारीक तारेच्या वेलबुट्टीने भरलेली असते. मेइजी काळातील उत्तम जपानी कामात पार्श्वभूमी मोकळी, आरशासारखी घोटलेली आणि तारा केवळ चित्राच्या रेषेपुरत्या. क्योतोचे नामिकावा यासुयुकी (१८४५ ते १९२७) यांची गडद काळी पार्श्वभूमी आणि टोकियोचे नामिकावा सोसुके (१८४७ ते १९१०) यांचे तार काढून घेऊन केलेले रंगचित्रासारखे काम ही दोन शिखरे आहेत. आडनावाचा उच्चार एक असला तरी त्यांचे नाते नव्हते. १८९६ साली दोघांनाही राजघराण्याचे कलाकार म्हणून मान मिळाला. नागोयाच्या आन्दो आणि हायाशी कोदेन्जी यांचे काम तुलनेने अधिक वेळा दिसते.

खूण तळावर कोरलेली, तारेने बसवलेली किंवा छोट्या चांदीच्या पट्टीवर असते. अशी पट्टी दुसऱ्या फुलदाणीवर चिकटवणे शक्य असल्यामुळे तिच्या कडेभोवतीचा डिंक आणि झीज तपासावी.

१४. 'मकुझू कोझान' ही सही खरी असू शकते का?

असू शकते, आणि म्हणूनच ती फार वेळा खोटी असते. मियागावा कोझान, म्हणजेच मकुझू कोझान (१८४२ ते १९१६), हे क्योतोच्या कुंभार घराण्यातले. १८७० च्या सुमारास ते योकोहामाला गेले. प्रथम पक्षी, खेकडे वगैरे प्रत्यक्ष उभे राहतील असे उठावाचे काम करून त्यांनी नाव मिळवले आणि नंतर रंगीत झिलईच्या पोर्सिलेनकडे वळले. त्यांच्यानंतर हेच नाव वारसांनी चालवले आणि १९४५ च्या हवाई हल्ल्यात कारखाना नष्ट झाला. तेव्हा खरी सहीसुद्धा 'कोणत्या कोझानची' हा प्रश्न शिल्लक ठेवते. केवळ 'कोझान' एवढेच लिहिलेले असेल तर त्या नावाचे इतर कुंभारही होते, हे विसरू नये. अशा वस्तूची खरेदी तळाचे मोठे छायाचित्र एखाद्या लिलावगृहाच्या तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय करू नये.

१५. फुलदाणीबरोबर लाकडी पेटी आहे आणि झाकणावर अक्षरे आहेत. ती टाकून द्यावी का?

कृपया टाकू नका. किरी नावाच्या हलक्या लाकडाची ही पेटी, कुंभाराने स्वतः झाकणावर वस्तूचे नाव लिहून सही-शिक्का केलेला असेल तर, जपानमध्ये फुलदाणीइतकीच महत्त्वाची मानली जाते. येथे खूण जपानी खरेदीदाराने वाचावी म्हणून लिहिलेली आहे, त्यामुळे अशी फुलदाणी पुष्कळदा देशांतर्गत गिऱ्हाइकासाठी केलेली असते. पेटी आणि फुलदाणी मुळातली सोबती आहे का, हे पाहण्यासाठी फुलदाणी आत ठेवून पाहावी. ती सैल खडखडत असेल किंवा झाकण बसत नसेल तर जोडी नंतर जुळवलेली आहे.

१६. तळावर 'जपानी पोर्सिलेन, हाँगकाँगमध्ये सजवलेले' असे इंग्रजीत आहे. हे काय प्रकरण आहे?

हे अगदी शब्दशः खरे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर जपानची कोरी भांडी हाँगकाँगला नेऊन तेथे रंगवली जात आणि खूण ते प्रामाणिकपणे सांगते. याच्याशी मिळताजुळता गोंधळ लेफ्टन, एनेस्को, ओतागिरी अशा नावांबाबत होतो. ती अमेरिकी बाजारात माल आणणाऱ्या कंपन्यांची नावे आहेत. घडवणारा कारखाना वेगळाच असतो आणि त्याचे नाव वस्तूवर बहुधा नसते.

१७. तळाला भोक आहे, किंवा जोडीतली एकच उरली आहे. किंमत किती कमी होते?

ठरावीक प्रमाण नाही. पाश्चात्त्य घरांत पुष्कळ फुलदाण्यांचे दिवे केले गेले आणि वायर नेण्यासाठी तळाला भोक पाडले गेले; दुर्दैवाने ते नेमके खुणेतूनच जाते. साध्या निर्यातीच्या फुलदाणीचे मोल यामुळे बरेच घटते, दुर्मीळ कारागिराच्या कामाचे त्यामानाने कमी. निर्यातीच्या फुलदाण्या वारंवार एकमेकींच्या आरशातील प्रतिमा असलेल्या जोड्यांनी केल्या जात, त्यामुळे चित्रातील माणूस किंवा पक्षी एका बाजूला पाहत असेल तर हिची जोडीदार कधीकाळी असावी असे समजावे. केसासारखी बारीक भेग आणि उडालेला टवका यांची दुरुस्ती रंग मारून झाकलेली असू शकते. अंधारात अतिनील दिव्याखाली ती जागा वेगळी चमकते.

१८. घरी स्वच्छ कशी करावी? त्यात फुले ठेवता येतील का?

पोर्सिलेनला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापूस पुरेसा आहे. सोनेरी कामावर घासणी, लिंबू, चिंच, पितांबरी किंवा ब्लीच यांपैकी काहीही लावू नये; झिलईवरचे सोने अत्यंत पातळ असते आणि एकदा गेले की परत येत नाही. सात्सुमा पाण्यात बुडवू नये, कारण झिलईच्या जाळीतून पाणी आत मुरते आणि तपकिरी डाग राहतो. त्याच कारणासाठी तिच्यात पाणी घालून फुले ठेवू नयेत. मीनाकारीच्या फुलदाणीतही पाणी नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकडी पेटीला बुरशी येते, म्हणून त्या महिन्यांत ती अधूनमधून उघडून वारा द्यावा.

१९. भारतात उत्तम नमुने कोठे पाहता येतील? आणि मुंबईत जपानी फुलदाण्या आल्या कशा?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी व जपानी वस्तूंचे दालन आहे, आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही जपानी वस्तूंचा मोठा संग्रह आहे. नजर तयार करण्यासाठी तेथे काही तास उभे राहण्याला पर्याय नाही.

दुसऱ्या प्रश्नामागे कापूस आहे. जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले आणि त्यांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोबे ते मुंबई अशी थेट फेरी सुरू केली. इकडचा कापूस तिकडच्या गिरण्यांना जाऊ लागला, आणि व्यापारी घरांचा जपानशी प्रत्यक्ष संबंध वाढला. दक्षिण मुंबईतल्या जुन्या घरांतून किंवा चोर बाजारातून मिळालेल्या फुलदाणीवर 'निप्पॉन' नसेल तर आश्चर्य वाटू नये. ती अमेरिकेसाठी निघालेलीच नव्हती (प्रश्न ४).

२०. आजीची फुलदाणी मी परदेशी माझ्या घरी नेऊ शकतो का?

आधी तिचे वय ठरवून घ्यावे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुन्या कलावस्तूंना पुरावस्तू मानले जाते आणि त्या खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू मुळात जपानमध्ये बनली होती, एवढ्यावर सूट मिळेल असे गृहीत धरू नये. फुलदाणी त्याहून नवी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला प्रवासाआधी मिळवावा; विमानतळावर ऐनवेळी वाद घालून काही साधत नाही.

२१. खूण ओळखून हवी असल्यास छायाचित्रे कशी पाठवावीत?

संपूर्ण फुलदाणी समोरून आणि मागून, तोंडाची कड, संपूर्ण तळ, आणि खूण जवळून व सरळ, अशी निदान पाच छायाचित्रे दिवसाच्या उजेडात फ्लॅश न वापरता काढावीत. फ्लॅशमुळे सोनेरी अक्षरे पांढरी होतात. खूण पुसट असेल तर प्रकाश एका बाजूने तिरपा पाडावा. कोरलेली अक्षरे त्याने उठून दिसतात. उंची सेंटिमीटरमध्ये, टिचकीचा आवाज, आणि फुलदाणी घरात कधी व कोठून आली याबद्दल ठाऊक असलेली माहिती सोबत लिहावी. अक्षरांवर पीठ, खडू किंवा पेन्सिल फिरवून ती उठावदार करण्याचा प्रयत्न मात्र करू नये. सात्सुमाच्या झिलईतल्या जाळीत गेलेली पूड पुन्हा निघत नाही.